डबक्यातले स्तोत्र : लोककथा, पुराणे आणि पवित्र शास्त्र यांतील बेडूक

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या वाळवे तालुक्यात, इस्लामपूरच्या आसपासच्या गावांत, रोहिणी सरून मृग लागला की माणसांचे डोळे आभाळाकडे लागतात आणि कान मात्र जमिनीकडे असतात. आभाळ फसवते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. काळे ढग येतात आणि वारा त्यांना पूर्वेकडे, माणदेशाच्याही पलीकडे, कोरडेच हाकलून नेतो. परंतु ओढ्याकाठच्या डबक्यातून, उसाच्या सरीतून, रस्त्याकडेच्या खड्ड्यातून रात्री एकदा का तो परिचित कोलाहल उठला, की घरातली वडील माणसे समाधानाने कूस बदलतात. पाऊस आला, तो लागून राहणार, अशी ग्वाही त्यांना मिळालेली असते. ग्वाही देणारा असतो बेडूक.

ह्या प्राण्याला आपल्या भाषेने फारसा मान दिलेला नाही. संकुचित मनाच्या माणसाला आपण विहिरीतला बेडूक म्हणतो. पंडितांनी त्यालाच कूपमंडूक असे भारदस्त नाव दिले. ज्ञानेश्वर माउलींनीही ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात त्याच्या वाट्याला चिखलच ठेवला आहे. कमळ आणि बेडूक एकाच घरात राहतात. पण दुरून आलेला भुंगा पराग नेतो आणि शेजाऱ्याच्या हाती चिखल उरतो, असा तो दृष्टान्त आहे. ईश्वर जवळ असूनही त्याला न ओळखणाऱ्या माणसासाठी तो योजलेला आहे आणि त्याचे मर्म आम्हां ख्रिस्ती जनांनाही लागू पडते. तथापि चिखलातल्या ह्या रहिवाशाची दुसरीही एक बाजू मानवजातीने ओळखली होती. जगाच्या पाठीवर, एकमेकांची नावेही ठाऊक नसलेल्या लोकांनी, त्याच्या आवाजात याचना ऐकली, प्रार्थना ऐकली, क्वचित स्तोत्रही ऐकले. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, हा ह्या लेखाचा हेतू आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ते पुढे ओघाने येईल.

आरंभ घरापासून करू. आपल्याकडच्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. सूर्य ज्या नक्षत्रात प्रवेश करतो तेथून त्या वेळच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावयाचे, आलेल्या संख्येला ९ ने भागावयाचे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवावयाचे, अशी ही रीत आहे. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ वाहने होत. त्यांत बेडूक, म्हैस आणि हत्ती ही भरपूर पावसाची समजली जातात. भागाकाराच्या बाकीने पाऊस पडत नाही, हे उघड आहे. वेधशाळा त्यावर अवलंबून राहत नाही. तरीही हत्तीसारख्या गजराजाच्या पंक्तीला बेडकाला बसवणारे मन कोणत्या अनुभवातून घडले असेल, हे जाणण्यासारखे आहे.

पाऊस रुसला म्हणजे मात्र पंचांग मिटवून गाव रस्त्यावर येते. सातारा-सांगलीकडील खेड्यांत अशा वेळी धोंडी निघते. एखाद्या मुलाच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधतात. त्याच्या डोक्यावरच्या पाटावर अथवा दोघांनी धरलेल्या मुसळाला बेडूक बांधतात. मुलांचा घोळका पावसाची विनवणी करीत दारोदार फिरतो. घरधनीण तांब्याभर पाणी त्या मुलावर आणि बेडकावर ओतते, सुपातले पसाभर धान्य किंवा पीठ देते. तपशील गावागणिक बदलतो, गाभा एकच. तहानलेल्या बेडकाची तळमळ पाहून तरी वरच्याला दया यावी, ही त्यामागची भावना आहे. कृष्णाकाठ आज पाटाच्या पाण्याने हिरवा दिसतो. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर जे राबले, त्यांना ह्या विनवणीत खेळ दिसत नाही.

अशी धोंडी आपल्या वस्तीत आली म्हणजे ख्रिस्ती कुटुंबापुढे प्रश्न उभा राहतो. दार लावून घ्यावे, की तांब्या घेऊन उंबऱ्यावर यावे? आपली मुले त्या घोळक्यात जाऊ द्यावीत का? ही अंधश्रद्धा आहे म्हणून हसावे, की शेजाऱ्याचे दुःख म्हणून सामील व्हावे? लेखाचे व्यावहारिक कारण म्हटले ते हेच. उत्तराला घाई नको. आधी बेडकाचे म्हणणे सगळीकडून ऐकून घेऊ.

आपल्या देशात हे म्हणणे पहिल्यांदा नोंदले गेले ते ऋग्वेदात. सातव्या मंडलातील एकशे तिसरे सूक्त मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे निश्चल पडून राहिलेले बेडूक पर्जन्याने जागे होतात आणि बोलू लागतात. गुरूच्या मागून शिष्याने पाठ म्हणावा तसा एक दुसऱ्याचा शब्द उचलतो. कोणी गाईसारखा हंबरतो, कोणी बोकडासारखा. कोणी ठिपक्यांचा, कोणी हिरवा. सोमयागाच्या रात्री पुरोहितांनी पात्राभोवती बसावे तसे ते तळ्याभोवती बसतात, असे त्यातले वर्णन आहे. शेवटी ह्या बेडकांनी आम्हांला गोधन व दीर्घायुष्य द्यावे, अशी मागणी येते. १८५९ साली मॅक्स म्युलर यांनी हे सूक्त म्हणजे पुरोहितांचा उपहास होय, असे मत मांडले. पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांना ते पटले नाही. हे पाऊस पाडण्यासाठी म्हणावयाचे गंभीर सूक्त आहे, असे त्यांनी दाखवून दिले. आणि आपल्याकडचा प्राचीन भाष्यकार यास्क याने तर निरुक्तात सरळच सांगितले आहे, की पावसाच्या इच्छेने वसिष्ठाने पर्जन्याची स्तुती केली, तेव्हा बेडकांनी तिला अनुमोदन दिले. त्यांचे ते अनुमोदन पाहून वसिष्ठाने त्यांचीही स्तुती केली.

आम्हांला यास्काची ही कथा फार मोलाची वाटते. ऋषी एकटा प्रार्थना करीत होता. डबक्यातून त्याला साथ मिळाली. आणि त्या साथीचा त्याला राग न येता आनंद झाला. वेदी सांभाळणाऱ्या आम्हां सर्वांना, मग आमचा धर्म कोणताही असो, हा एक आरसाच आहे. आपल्या प्रार्थनेची तुलना बेडकाच्या आवाजाशी झाली, तर आपल्याला अपमान वाटेल की सोबत मिळाल्यासारखे वाटेल?

महाभारताच्या वनपर्वातही एक मंडूककथा आहे. इक्ष्वाकू कुळातील परिक्षित नावाच्या राजाला वनात एक सुंदर कन्या भेटली. मला पाणी दाखवावयाचे नाही, ह्या अटीवर ती त्याची राणी झाली. अट एके दिवशी मोडली आणि ती तळ्यात उतरली ती दिसेनाशी झाली. राजाने तळे उपसले. तळाशी एक बेडूक दिसला. बेडकांनीच राणीला खाल्ले, असे समजून त्याने दिसेल तो बेडूक मारण्याची आज्ञा दिली. तेव्हा मंडूकराज आयू तापसाच्या वेषात राजाकडे आला आणि त्याने आपल्या प्रजेसाठी अभय मागितले. नाहीशी झालेली सुशोभना ही त्याचीच कन्या होती. आपण ज्यांना तुच्छ मानून चिरडतो ते आपले सोयरेही असू शकतात, हे त्या कथेने राजाला सांगितले. राजाला ते ऐकावयास पुष्कळ उशीर झाला होता.

आता सीमेपलीकडे जाऊ. व्हिएतनाममध्ये अशी लोककथा आहे, की फार मोठा दुष्काळ पडला असता एक बेडूक स्वर्गातल्या सम्राटाकडे फिर्याद घेऊन निघाला. वाटेत वाघ, अस्वल, मधमाश्या अशी तहानलेली मंडळी त्याला मिळत गेली. स्वर्गाच्या द्वारपाळांना त्यांनी असे जेरीस आणले, की सम्राटाला नमते घ्यावे लागले. यापुढे तू नुसता आवाज कर, मी पाऊस पाठवीन, असे त्याने कबूल केले. तेव्हापासून तेथील लोक बेडकाला स्वर्गाधिपतीचा मामा म्हणतात! ब्रह्मदेशातील करेन लोकांच्या काशाच्या मोठ्या ढोलांवर कडेने बेडकांच्या आकृती बसवलेल्या असतात. ते ढोल वाजले म्हणजे पाऊस येतो, अशी समजूत आहे. आसामात भेकुली बिया, म्हणजे बेडकांचे लग्न, लावतात. मांडव, वरात, जेवण सारे साग्रसंगीत असते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडील गुनाइकुर्नाई ह्या आदिवासींची कथा ह्याच्या उलट आहे. टिडालिक नावाच्या प्रचंड बेडकाने जगातले सगळे पाणी एकट्याने पिऊन टाकले. मग साऱ्या प्राण्यांनी विदूषकी करून त्याला हसवले, तेव्हा कोठे नद्या पुन्हा वाहू लागल्या. त्या खंडात अंगात पाणी साठवून जमिनीखाली वर्षानुवर्षे पडून राहणारे बेडूक खरोखरच आहेत. पाणी साठवणाऱ्याला दंडुक्याने न मारता हसवून मोकळे करावे, ही युक्ती आपल्या पाणीवाटपाच्या भांडणांतही विचारात घेण्याजोगी आहे.

परंतु धोंडीची सख्खी बहीण आम्हांला आढळते ती मेक्सिकोच्या युकातान प्रांतात. तेथील माया लोकांत पाऊस लांबला की चा-चाक नावाचा विधी करतात. शेताजवळ वेलीफांद्यांची वेदी उभारतात. तिच्या चार कोपऱ्यांशी चार मुलगे बसवितात आणि विधी चालू असताना ते बेडकांसारखा आवाज काढीत राहतात. आपल्याकडे मुलाच्या डोक्यावर बेडूक, तिकडे मूलच बेडूक! आणि हे लोक शतकानुशतके कॅथलिक आहेत. त्या वेदीवर क्रूस असतो, ख्रिस्ती प्रार्थनाही म्हटल्या जातात. पृथ्वीच्या दोन टोकांना, परस्परांची गंधवार्ता नसताना, कोरड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या आईबापांना एकच गोष्ट सुचली. आपला शब्द वर पोहोचत नाही असे वाटले, तेव्हा त्यांनी लेकरू आणि बेडूक यांना पुढे केले. दोघांनाही स्वतःच्या पुण्याईचा दाखला देता येत नाही. दोघांनाही फक्त मागता येते.

मग आपल्या पवित्र शास्त्राचे काय? तेथे बेडूक येतो तो पीडा म्हणून, हे खरे. निर्गमच्या आठव्या अध्यायात अहरोनाने मिसरच्या पाण्यावर हात उगारताच बेडकांनी देश व्यापला. ते फारोच्या शय्येवर चढले, कणीक मळण्याच्या काथवटीत शिरले. हा प्रसंग समजून घेण्यास मिसरी लोकांची श्रद्धा ध्यानी घ्यावी लागते. नाईलला पूर येऊन गेला की तिच्या गाळात असंख्य बेडूक दिसत. त्यामुळे तो प्राणी त्यांना नवजीवनाचे, सुफलतेचे चिन्ह वाटे. बाळंतिणीची पाठराखण करणारी त्यांची देवी हेकेत हिचे मस्तक बेडकाचे होते. त्यांच्या चित्रलिपीत एक लाख ही संख्या लिहावयाची तर बेडकाचे पिलू काढीत. म्हणजे इस्राएली अर्भके नाईलमध्ये टाकावयास लावणाऱ्या फारोच्या गादीवर पुढे बसलेल्या राजाला प्रसूतीच्या देवीचेच चिन्ह शिक्षा होऊन भेटले! त्याच्या जादूगारांनीही बेडूक आणून दाखवले, पण त्यांना परतवण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. पीडा केव्हा जावी, असे मोशेने विचारता फारो म्हणाला, उद्या. आणखी एक रात्र बेडकांबरोबर काढीन, पण आजच नमणार नाही, असा तो ताठा. मनुष्याचे मन कठीण झाले म्हणजे जीवनाची चिन्हेही त्याला पीडा होतात. शलमोनाचा ज्ञानग्रंथ आपल्या अखेरच्या अध्यायात ह्याच प्रसंगाची आठवण करून देतो : नदीने माशांऐवजी बेडकांचे थवे ओकले.

प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायात बेडूक पुन्हा दिसतो. अजगर, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांच्या मुखांतून बेडकांसारखे तीन अशुद्ध आत्मे निघतात. येथे मुखातून हा शब्द महत्त्वाचा आहे. राजांना फसवून युद्धाला उभे करणाऱ्या पोकळ, न थांबणाऱ्या बडबडीला योहानाने ती उपमा दिली आहे. पुढे मध्ययुगीन युरोपने मात्र ह्या उपमेचा अर्थ प्राण्यालाच चिकटवला. देवळांच्या कोरीव कामात पापी जनांना डसणारे बेडूक आले; चेटकिणींच्या दंतकथांत तो सैतानाचा सोबती झाला. ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या परीकथांच्या संग्रहातली पहिलीच कथा बेडूक-राजपुत्राची आहे. त्यात राजकन्या त्याला, लोक समजतात तसे, चुंबन देत नाही. किळस येऊन भिंतीवर आपटते. त्यातूनच राजपुत्र प्रकट होतो. घृणेखाली काही उमदे दडलेले असू शकते, एवढे त्या लोककथेने तरी कबूल केले.

आरंभीच्या ख्रिस्तसभेची दृष्टी इतकी तिरकी नव्हती. मिसर देशात ख्रिस्ताच्या पहिल्या काही शतकांतले मातीचे छोटे दिवे सापडले आहेत. त्यांच्यावर बेडकाची आकृती असे, म्हणून त्यांना बेडूकदिवेच म्हणतात. अशा दिव्यावर प्रभूने लाजरच्या बहिणीला, मार्थेला, आपल्या पुनरुत्थानाविषयी जे वचन दिले त्यातले ग्रीक शब्द कोरलेले आढळले आहेत. आपल्या आजीच्या हेकेत देवीचे चिन्ह त्या नवख्रिस्ती कुंभाराने फोडून टाकले नाही. त्याला त्याने खरा अर्थ दिला. उन्हाळाभर मातीत मेल्यासारखा पडून राहणारा आणि पहिल्या पावसाबरोबर उठणारा जीव पाहिल्यावर त्याला रिकामी कबर आठवली, यात नवल ते काय?

आणि एका संताची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जर्मनीतील माइसेनचे महागुरुस्वामी संत बेन्नो बाराव्या शतकाच्या आरंभी निवर्तले. १५२३ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या चरित्रात असे सांगतात, की ते शेतांतून ध्यान करीत चालले असता दलदलीतल्या एका बेडकाच्या ओरडण्याने त्यांच्या प्रार्थनेत व्यत्यय येऊ लागला. त्यांनी त्याला गप्प राहण्याची आज्ञा केली आणि तो गप्प झाला. काही पावले गेल्यावर मात्र त्यांना दानिएलच्या ग्रंथातले, अग्निभट्टीतल्या तीन तरुणांचे स्तवन आठवले. पाण्यात संचार करणाऱ्या सर्व जिवांनाही त्यात परमेश्वराचा धन्यवाद करावयास सांगितले आहे. कोण जाणे, माझ्या प्रार्थनेपेक्षा त्या बेडकाचेच गाणे देवाला अधिक प्रिय असेल, असे मनात येऊन संत थबकले आणि त्यांनी बेडकांना आपली नेहमीची स्तुती पुन्हा सुरू करण्यास सांगितले. आज्ञा मागे घेणारा अधिकारी दुर्मिळ. बेडकासाठी मागे घेणारा तर अधिकच. हे स्तवन धर्मगुरू आणि व्रतस्थ रविवारच्या प्रातःप्रार्थनेत आजही म्हणतात. संत बेन्नोंचा स्मरणदिन १६ जून हा आहे. आपल्याकडे तेव्हा मृग नक्षत्र चालू असते!

वसिष्ठ आणि बेन्नो यांच्या ह्या दोन कथा एकमेकींपासून किती दूर आणि तरीही किती जवळ आहेत, हे वाचकांनी पाहावे. त्यांच्या शेजारी आम्ही आणखी एक कथा ठेवतो. ती अगदी आपल्या मुलखातली आहे. इस्लामपूरजवळ बहे येथे कृष्णेच्या बेटावर आणि तिकडे बत्तीस शिराळ्यात समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन आहेत. त्यामुळे समर्थांच्या आख्यायिका येथे घरोघरी ठाऊक असतात. त्यांपैकी ही एक पुढच्या काळातील बखरींतून चालत आलेली. किल्ल्याचे बांधकाम चालू होते. काही जण सामानगडाचे नाव घेतात, काही दुसऱ्या गडाचे. इतक्या माणसांचे पोट आपल्यामुळे चालते, असा विचार शिवरायांच्या मनात डोकावला. समर्थांनी एक धोंडा फोडावयास लावला. आत पाण्याचा ओलावा आणि जिवंत बेडकी होती. हिला येथे कोण पोसतो, असे विचारताच राजे समजले. समर्थ आणि शिवराय यांच्या भेटींविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. आम्ही ही कथा इतिहास म्हणून सांगत नाही. धोंड्यातल्या बेडकाच्या कथा युरोपातही फार होत्या. ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ आणि अँग्लिकन धर्मोपदेशक विल्यम बकलंड यांनी १८२५ साली चुनखडीच्या आणि वालुकाश्माच्या दगडांत कोनाडे करून २४ बेडूक बंद केले. वर्षाने उघडून पाहता वालुकाश्मातले सर्व मेलेले होते. सच्छिद्र चुनखडीतले काही जिवंत होते, पण दुसऱ्या वर्षी तेही गेले. म्हणजे दगडात बेडूक युगानुयुगे जगत नाही. परंतु बखरकाराला जे सांगावयाचे होते ते बकलंडच्या प्रयोगाने खोटे पडत नाही. आकाशातल्या पाखरांकडे बोट दाखवून प्रभू येशूने डोंगरावर हेच सांगितले : पोशिंदा आपण नव्हे, पोशिंदा वर आहे, तो पिता आहे.

तेव्हा आता धोंडीच्या प्रश्नाकडे वळू. १९६५ च्या २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचे आपले निवेदन प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पावसासाठी देवाकडे हात पसरणे आम्हांला परके नाही. कर्मेलवर एलियाने गुडघ्यांत डोके घालून पाऊस मागितला. याकोबाने आपल्या पत्रात त्याचा दाखला दिला. पाचव्या शतकात फ्रान्समधील व्हिएन येथील महागुरुस्वामी संत मामेर्तुस यांनी संकटकाळी शेताशिवारातून प्रार्थनेच्या मिरवणुका सुरू केल्या. त्या पुढे सर्व पश्चिमेत पसरल्या. आपल्या मिस्सा-ग्रंथात पावसासाठी खास प्रार्थना आहे. मग दारी आलेल्या, पाल्यात गुंडाळलेल्या शेजारच्या पोराला पाणी घालावयास आणि पसाभर धान्य द्यावयास आम्हां ख्रिस्ती माणसाचा हात का आखडावा? त्याच्या शेतावर पाऊस पडला तर आपल्या शेतावर पडणारच आहे.

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगावयास हव्यात. पहिली, प्रार्थना म्हणजे यंत्राची कळ नव्हे. २०१९ च्या जुलै महिन्यात भोपाळमध्ये पावसासाठी बेडकांच्या प्रतिकृतींचे लग्न लावण्यात आले आणि अतिवृष्टी झाली म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांचा काडीमोड करण्यात आला, हे वृत्त अनेकांनी हसत वाचले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या आणि वारणेच्या महापुराने आपली गावे बुडाली होती, तेव्हा हसावयाचे कोणी? देव आपल्या लग्नाने बांधला जात नाही आणि काडीमोडाने सुटत नाही. तो ऐकतो, पण तो प्रभू आहे. दुसरी गोष्ट, ज्याला आपण मध्यस्थ केले त्या बेडकाला बांधून, टांगून, उन्हात सुकवून मागितलेली दया ही दया कशी होईल? धोंडीच्या पाटावर मातीचा किंवा पिठाचा बेडूक ठेवला तर विनवणीत काय उणे येते? आपल्या मुलांनी सोबत जावे आणि जिवंत बेडूक दिसलाच तर तो पाण्यात सोडण्याचा हट्ट धरावा, असे आम्ही त्यांना सांगू.

कारण बेडकाची याचना आज पावसापुरती उरलेली नाही. १९६३ साली सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून बेडकाच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. खडबडीत कातडीच्या ह्या जातीला कोयनेचेच नाव मिळाले. त्याची सख्खी जात आंबोलीच्या सड्यावर आढळली आणि २००९ साली तिची शास्त्रीय नोंद झाली. सह्याद्रीवाचून अन्यत्र कोठेही ह्या जाती नाहीत. आणि दोन्हीही आज जगातील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्याच तालुक्यातून वाहते, हे विसरू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार बेडकाच्या वर्गातील, म्हणजे उभयचर, प्राण्यांच्या दर पाच जातींपैकी दोन नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. बुजवलेली डबकी, विषारी औषधे, रोगराई, बदलते हवामान, अशी कारणे अनेक आहेत.

एके काळी आपला देश बेडकांचे पाय परदेशी मेजवान्यांसाठी डब्यांत भरून पाठवीत असे. बेडूक गेले, तसा शेतातल्या किडींचा एक निसर्गदत्त शत्रूही गेला. अखेर १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. तरीही गोव्यात पहिल्या पावसात, नर बेडूक पिवळेजर्द होऊन माद्यांना साद घालीत असताना, बत्तीच्या उजेडात त्यांना पोत्यात भरणारे लोक निघतात. काही ठिकाणी जंपिंग चिकन ह्या गमतीच्या नावाखाली ते ताटात येतात, आणि ती ताटे कित्येकदा आपल्याच श्रद्धाबंधूंची असतात, हे सांगताना आम्हांला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. जो नर साद घालतो तोच आवाजावरून सापडतो. त्याचे स्तोत्र हाच त्याचा घात होतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली निसर्गाविषयीच्या आपल्या परिपत्रकात बजावले आहे, की आपल्यामुळे हजारो जाती नाहीशा होत आहेत, त्या आता आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करू शकणार नाहीत आणि असे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. संत बेन्नोंना जे दलदलीच्या काठी सुचले तेच हे. फरक इतकाच, की त्यांनी गप्प केलेला बेडूक त्यांच्या एका शब्दाने पुन्हा गाऊ लागला. आपण गप्प केलेल्याला आपल्याला पुन्हा बोलते करता येणार नाही. फारोच्या जादूगारांना बेडूक आणता येत होते, घालवता येत नव्हते. आपल्याला घालवता येतात, आणता येत नाहीत.

म्हणून यंदाच्या मृगात धर्मग्रामातील कुटुंबांनी एक लहानसे व्रत घ्यावे, अशी आमची विनंती आहे. परसातले किंवा बांधालगतचे एखादे डबके आश्विनापर्यंत बुजवू नये. त्यात औषधाचे रिकामे डबे धुऊ नयेत. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आटोपली म्हणजे दिवा मंद करून मुलांना ओट्यावर घेऊन बसावे आणि घटकाभर ऐकावे. वसिष्ठाने ऐकले, बेन्नोंनी ऐकले. अग्निभट्टीतल्या तिघांनी ज्यांना स्तवनाला बोलावले, ते आपल्या दारापुढे ओल्या अंधारात बसून आपला पाठ म्हणत असतात. आपण तेवढे आमेन म्हणावे.